न वाचता येणारी बखर : पाणबुड्यांच्या संगणकातील नोंदींची लिपी कशी उलगडली?

१/
वर्धा नदीच्या काठाने, यवतमाळ जिल्ह्याच्या वणी परिसरात, जमिनीखाली कोळशाचा मोठा पट्टा पसरला आहे. नदीकाठच्या खाणीला पाण्याशी कायमचे वैर असते. पंप थांबला की खाण भरू लागते. नेमक्या याच अडचणीतून सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी फ्रान्समधील एका नदीकाठी एक युक्ती जन्माला आली आणि तिच्याबरोबर एक नवा आजारही. त्या आजाराचा शोध पुढे पुलांच्या पायांतून, युद्धनौकांवरून आणि स्वित्झर्लंडच्या सरोवरांतून फिरत पाणबुड्याच्या मनगटावरील एका लहानशा संगणकापर्यंत पोहोचला. समुद्रापासून दूर असलेल्या वऱ्हाडातून सुरू होणारा हा धागा त्या संगणकातील नोंदी वाचणाऱ्या सॉफ्टवेअरच्या इतिहासाचा आहे. 🧵

२/
लुआर नदीच्या पात्राखाली कोळसा होता. पण त्याच्यावर सुमारे वीस मीटर ओली वाळू होती. खणावे तसे पाणी आत येई. अभियंता जाक त्रिजे यांनी लोखंडी नळकांडे वाळूत उतरवले आणि त्यात पंपाने हवा दाबून भरली. आतील हवेचा दाब बाहेरच्या पाण्याच्या दाबाइतका झाला की पाणी आत शिरत नाही. कामगार एका बंद कोठडीतून आत-बाहेर करीत. १८४१ मध्ये त्रिजे यांनी ही रीत विद्वानांसमोर मांडली. पुढे तिलाच ‘केसन’ पद्धत म्हणू लागले.

३/
त्रिजे यांच्या वृत्तान्तात एक लहानशी नोंद आहे. दाबाखाली काही तास काम करून बाहेर आलेल्या दोन कामगारांच्या हातात आणि गुडघ्यांत तीव्र वेदना सुरू झाल्या. १८५४ मध्ये पॉल आणि वातेल या दोन फ्रेंच डॉक्टरांनी खाणकामगारांचा अभ्यास करून एक महत्त्वाचे निरीक्षण नोंदवले. दाबाखाली असताना माणसाला काही होत नाही. त्रास होतो तो बाहेर पडताना. आजारी माणसाला पुन्हा दाबाखाली नेले की त्याला आराम पडतो, हेही त्यांनी पाहिले. मात्र असे का घडते, हे त्यांना सांगता आले नाही.

४/
यानंतर केसन पुलांच्या पायासाठी वापरात आले आणि बळींची संख्या वाढली. अमेरिकेत सेंट लुइस येथे मिसिसिपी नदीवरील पुलाच्या कामात डझनाहून अधिक कामगार दगावले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ मध्ये या आजाराने अंथरुणाला खिळले. त्यांच्या पत्नी एमिली यांनी कामाची सूत्रे सांभाळली. वेदनेने वाकून चालणाऱ्या कामगारांवरून या आजाराला ‘बेंड्स’ हे नाव पडले. भारतातही हावडा पुलाच्या कोलकात्याकडील पायाचे काम दाबाखालील हवेत करावे लागले होते.

५/
कारण उलगडले ते १८७८ मध्ये. पॉल बेर या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने दाखवून दिले की दाबाखाली श्वास घेतल्यावर हवेतील नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो. दाब अचानक उतरला की तोच वायू बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. गोटी सोड्याची बाटली उघडताच जे घडते, तेच येथे नसांत आणि सांध्यांत घडते. बुडबुडा सांध्यात अडकला तर वेदना, मज्जारज्जूत अडकला तर अर्धांग, आणि काही वेळा मृत्यू. उपाय एकच होता : हळू वर येणे. पण ‘हळू’ म्हणजे नेमके किती?

६/
या प्रश्नाचे पहिले गणिती उत्तर जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी दिले. ब्रिटिश नौदलासाठी त्यांनी बॉयकॉट आणि डॅमंट या सहकाऱ्यांबरोबर शेळ्यांवर प्रयोग केले आणि १९०८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सगळे शरीर एका वेगाने वायू शोषत नाही, हा त्यांचा मुख्य विचार होता. रक्ताचा भरपूर पुरवठा असलेल्या ऊती लवकर भरतात, चरबीसारख्या ऊती सावकाश. म्हणून त्यांनी शरीराचे पाच काल्पनिक कप्पे मानले आणि प्रत्येकाला एक अर्धकाल दिला : ५, १०, २०, ४० आणि ७५ मिनिटे.

७/
अर्धकालाचे गणित सोपे आहे. समुद्रात २० मीटरवर एकूण दाब सुमारे ३ बार असतो. त्यात नायट्रोजनचा वाटा सुमारे २.३७ बार. पृष्ठभागावर हाच वाटा ०.७९ असतो. फरक १.५८ बारचा. पाच मिनिटे अर्धकाल असलेला कप्पा पहिल्या पाच मिनिटांत या फरकाचा अर्धा भाग भरून काढतो आणि १.५८ वर पोहोचतो. पुढच्या पाच मिनिटांत उरलेल्याच्या अर्धा, म्हणजे सुमारे १.९८. वर येताना हेच उलट घडते. शरीराने सोसलेला एकूण दाब निम्म्यावर आला तरी बुडबुडे त्रास देत नाहीत, असे हॉल्डेन यांना आढळले होते. त्यावरून कोणत्या खोलीवर किती मिनिटे थांबायचे याचे तक्ते तयार झाले.

८/
तक्त्यांची मोठी परीक्षा पहिल्या महायुद्धात झाली. जानेवारी १९१७ मध्ये ‘लॉरेंटिक’ हे जहाज आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ सुरुंग लागून सुमारे ४० मीटर खोल बुडाले. त्यावर सोन्याच्या ३,२११ विटा होत्या. हॉल्डेन यांचे सहकारी डॅमंट यांच्याकडेच त्या काढण्याचे काम आले. १९२४ पर्यंत पाच हजारांहून अधिक बुड्या मारल्या गेल्या, ३,१८६ विटा वर आल्या आणि एकही पाणबुड्या दगावला नाही. यामागे शिस्तशीर नोंद होती : कोण किती वाजता उतरला, किती खोल गेला, किती वेळ थांबला. घड्याळ घेऊन वर उभा असलेला माणूस पाणबुड्याच्या जिवाचा राखणदार होता.

९/
दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चित्र बदलले. १९४३ मध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी पाठीवर हवेची टाकी घेऊन मोकळेपणी पोहता येईल असे साधन तयार केले. आता वर दोरी धरून, घड्याळ पाहत बसणारा कोणी नव्हता. तक्ता असे गृहीत धरी की माणूस एकाच खोलीवर गेला आणि सगळा वेळ तेथेच राहिला. प्रत्यक्षात पोहणारा कधी ३० मीटरवर जाई, कधी १२ वर येई, पुन्हा १८ वर उतरे. तक्ता त्याला सगळा वेळ ३० मीटरचाच हिशेब लावी. हिशेब क्षणोक्षणी करू शकेल असे काहीतरी पाणबुड्याबरोबरच पाण्यात जायला हवे होते.

१०/
१९५३ मध्ये अमेरिकेत ग्रोव्ह्ज आणि मंक या शास्त्रज्ञांनी अशा उपकरणाची कल्पना एका अहवालात मांडली. १९५९ मध्ये इटलीत बनलेले एक यांत्रिक उपकरण बाजारात आले. त्यात एका पिशवीतील वायू सच्छिद्र भिंतीतून सावकाश दुसऱ्या कप्प्यात झिरपे, ऊतींत नायट्रोजन झिरपतो तसा. पण संपूर्ण शरीरासाठी त्यात एकच कप्पा होता. काही प्रसंगी ते धोक्याच्या वेळीही ‘सुरक्षित’ दाखवी. पाणबुड्यांनी त्याला थट्टेने ‘बेंड-ओ-मॅटिक’ म्हणायला सुरुवात केली. पाच-सहा कप्प्यांचा हिशेब एकाच वेळी ठेवायचा, तर सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक्सची वाट पाहणे भाग होते.

११/
दरम्यान, झुरिक येथे डॉ. आल्बर्ट ब्यूलमान वेगळ्या प्रश्नावर काम करीत होते. स्वित्झर्लंडची सरोवरे डोंगरांत आहेत. तेथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा कमी असतो. समुद्रासाठी केलेले तक्ते तेथे लागू पडत नाहीत. ब्यूलमान यांनी प्रत्येक कप्प्याची सहनमर्यादा त्या ठिकाणच्या हवेच्या दाबाशी जोडली. १९८३ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांनी आपले आकडे आणि सूत्रे खुलेपणाने छापली. पुढे १६ कप्प्यांचे त्यांचे प्रारूप जगभरच्या उपकरणांचा पाया बनले.

१२/
त्याच वर्षी, १९८३ मध्ये, दोन उपकरणे बाजारात आली : अमेरिकेत ‘एज’ आणि युरोपात ‘डेकोब्रेन’. आत दाबमापक, सूक्ष्म संगणक आणि बॅटरी. दर काही सेकंदांनी दाब मोजायचा, सर्व कप्प्यांचे गणित करायचे आणि आणखी किती वेळ थांबता येईल ते पडद्यावर दाखवायचे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही उपकरणे लहान झाली आणि मनगटावर आली. ‘डाइव्ह कॉम्प्युटर’ हा शब्द रूढ झाला. वर उभा असलेला घड्याळवाला अखेर पाण्याखाली उतरला होता.

१३/
या बदलाची एक बाजू इतिहासाच्या अभ्यासकाला विशेष वाटावी अशी आहे. पूर्वी बुडीची नोंद माणूस लिहीत असे : तारीख, जागा, सर्वांत मोठी खोली, एकूण मिनिटे. चार ओळींत सगळे संपे. आता उपकरण स्वतःच संपूर्ण प्रवास टिपू लागले. दर दहा-वीस सेकंदांनी खोली, कधी तापमान, कधी टाकीतील दाब, वर येण्याचा वेग जास्त झाल्याची सूचना. एका बुडीच्या शेकडो नोंदी. एखादी बखर प्रसंगानंतर लिहिली जाते. ही नोंद प्रसंग घडत असतानाच लिहिली जात होती. असे अस्सल साधन इतिहासात क्वचितच मिळते.

१४/
पण ही बखर वाचता येत नव्हती. प्रत्येक कंपनीने आपली मांडणी वेगळी ठेवली आणि ती जाहीर केली नाही. नोंदी पाहायच्या तर त्याच कंपनीची केबल आणि त्याच कंपनीचे सॉफ्टवेअर हवे. तेही बहुधा फक्त विंडोजवर चालणारे. कंपनीने जुन्या उपकरणाकडे पाठ फिरवली की नोंदी मुक्या होत. वऱ्हाडातील देशमुख-देशपांडे घराण्यांच्या दप्तरांत किंवा पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागद आहेत. पण वाचणारा नसेल तर तो कागद असून नसल्यासारखा. विसाव्या शतकाच्या अखेरीस पाणबुड्यांच्या नोंदींची गत तशीच झाली होती. साधन होते, पण त्याची लिपी कुलपात होती.

१५/
लिपी कशी उलगडते? जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ च्या सुमारास ब्राह्मी वाचली, तेव्हा सांचीच्या लहान लहान लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे पुन्हा पुन्हा येतात, हे त्यांच्या ध्यानात आले. हे लेख दानाचे असावेत, असा तर्क करून त्यांनी ती अक्षरे ‘दानं’ अशी वाचली आणि वाट मोकळी झाली. बाइटांच्या ढिगाबाबतही रीत हीच. उपकरणाच्या पडद्यावर सर्वांत मोठी खोली, बुडीची मिनिटे, तापमान दिसते. ते आकडे हाताशी ठेवून स्मृतीतील बाइटांत तेच आकडे कोठे सापडतात, ते शोधायचे. दोन बुड्यांतील फरक पाहायचा. पुन्हा पुन्हा येणारे चिन्ह दिसले, तर ते बुडीच्या शेवटाचे असेल का, हे तपासायचे.

१६/
वाचनाआधी प्रत मिळवावी लागते. उपकरण संगणकाला जोडले तरी ते आपण होऊन बोलत नाही. ठरावीक वेगाने ठरावीक आज्ञा पाठवली तरच ते उत्तर देते. म्हणून कंपनीचे सॉफ्टवेअर आणि उपकरण यांच्यातील संवाद तारेवर ऐकून त्यातील आज्ञा ओळखाव्या लागतात. उत्तराच्या शेवटी बहुधा एक तपासणी-अंक असतो : आधीच्या सर्व बाइटांवरून काढलेला. तो जुळला तरच प्रत शुद्ध मानायची. हस्तलिखिताची नक्कल उतरवल्यावर ओळी मोजून ताळा पाहणाऱ्या लेखनिकाचे काम येथे हा अंक करतो.

१७/
आता प्रत्यक्ष वाचन. जुन्या उपकरणांची स्मृती फार तोकडी असे, म्हणून नोंद आटोपशीर करावी लागे. सुंटो कंपनीच्या ‘व्हायपर’ मालिकेत खोली थेट लिहिलेली नसते. मागच्या नोंदीपासून झालेला फरक लिहिलेला असतो आणि तोही फुटांत. बाइटांत ५, ७, ४, ०, उणे ३ असे आले, तर खोली होते ५, १२, १६, १६, १३ फूट. काही ठरावीक मूल्ये मात्र खोलीतील फरक नसून सूचना असतात. अशी एखादी सूचना फरक म्हणून वाचली गेली, तर तेथून पुढची प्रत्येक खोली चुकते. मोडीत एक वेलांटी चुकली तर शब्द बिघडतो. येथे एक बाइट चुकला तर उरलेली सगळी बुडी बिघडते.

१८/
काळ ठरवणे हा आणखी एक पेच. मराठी कागदांत ‘सलास सबैन मया व अलफ’ असे वर्ष आढळले, तर अभ्यासक त्याचा अर्थ सुहूर सन ११७३ असा लावतो आणि त्यात ५९९-६०० मिळवून इ.स. १७७२-७३ काढतो. उवाटेकच्या काही उपकरणांत दिनदर्शिकाच नव्हती. फक्त अर्ध्या अर्ध्या सेकंदाने वाढत जाणारा आकडा होता. बुडी सुरू झाली तेव्हा तो किती होता आणि नोंदी उतरवून घेताना तो किती आहे, यांतील फरक काढायचा आणि तो संगणकाच्या घड्याळातून वजा करायचा. नोंदी घेताना संगणकाचेच घड्याळ चुकीचे असेल, तर सगळा कालक्रम सरकतो.

१९/
हे काम आधी अनेकांनी सुटे सुटे, आपापल्या उपकरणापुरते केले. त्याला ग्रंथालयाचे रूप दिले बेल्जियमच्या येफ ड्रिसेन यांनी. २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी ‘लिबडाइव्हकॉम्प्युटर’ हा मुक्तस्रोत संच बांधायला घेतला. त्यात प्रत्येक उपकरणकुळासाठी दोन भाग असतात : एक नोंदी उतरवून घेणारा, दुसरा त्यांचा अर्थ लावणारा. पलीकडून मिळते ते एकाच पद्धतीचे उत्तर : वेळ, खोली, तापमान, दाब. उपकरण कोणतेही असो, वाचकाला एकच लिपी दिसते. मोडी, फारशी आणि इंग्रजी कागद एकाच देवनागरी सूचीत आणावेत, तसे हे काम आहे.

२०/
पुढचा टप्पा एका योगायोगाने आला. ऑगस्ट २०११ मध्ये लिनक्सच्या मुख्य संकेतस्थळावर घुसखोरी झाल्याचे उघड झाले आणि ते काही आठवडे बंद ठेवावे लागले. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना सक्तीची विश्रांती मिळाली. ते हौशी पाणबुडे आहेत आणि लिनक्सवर बुड्यांची नोंदवही ठेवणारे चांगले सॉफ्टवेअर नाही, ही त्यांची जुनी तक्रार होती. त्या शरद ऋतूत त्यांनी ‘सबसरफेस’ लिहायला घेतले. नोंदी वाचण्यासाठी ड्रिसेन यांचा संच वापरला. पुढे डर्क होंडेल यांनी प्रकल्पाची धुरा सांभाळली आणि जगभरातील पाणबुड्या प्रोग्रामरांनी त्यात भर घातली. नोंदी साध्या, कोणालाही उघडून वाचता येतील अशा मजकुरात साठवल्या जाऊ लागल्या.

२१/
लिपी वाचली म्हणजे अर्थ लागला, असे मात्र होत नाही. उपकरण खोली मोजत नाही. ते दाब मोजते. खोली हा त्यावरून काढलेला निष्कर्ष आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या सरहद्दीवरील पैनगंगेवरचे इसापूर धरण घ्या किंवा बेंबळा प्रकल्प. अशा जलाशयात शोधकार्यासाठी हवेची टाकी घेऊन पाणबुड्या उतरला, असे समजा. यवतमाळ शहराची उंची सुमारे ४५० मीटर. तेवढ्या उंचीवर हवेचा दाब सुमारे ९६० मिलिबार असतो. गोड्या पाण्यात २० मीटरवर एकूण दाब होईल सुमारे २,९२० मिलिबार. उपकरणाने नोंदवलेला खरा आकडा हाच.

२२/
आता वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने समुद्रसपाटीचा दाब, म्हणजे १,०१३ मिलिबार, आणि खारे पाणी गृहीत धरले, तर तोच आकडा १९ मीटर खोली दाखवील. एक मीटरची चूक क्षुल्लक वाटेल. खरा धोका गुणोत्तरात आहे. वर आल्यावर शरीरावरील दाब प्रत्यक्षात ३.०४ पट उतरणार असतो. सॉफ्टवेअरचा समज मात्र तो २.८८ पट उतरेल असा. समुद्रात २० मीटरवरून वर येतानाही हे गुणोत्तर २.९८ च असते. म्हणजे वऱ्हाडातील धरणाची बुडी तेवढ्याच खोलीच्या समुद्री बुडीपेक्षा शरीराला किंचित जड जाते. ब्यूलमान यांनी डोंगरातील सरोवरांत शोधलेले सत्य हेच. म्हणून चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये पाण्याचा खारटपणा आणि पृष्ठभागावरील हवेचा दाब बदलण्याची सोय असते.

२३/
गणित लपलेले असले की काय होते, याचेही उदाहरण आहे. नायट्रॉक्स या मिश्रणात ऑक्सिजन जास्त आणि नायट्रोजन कमी असतो. १९९० च्या दशकातील ‘अलादिन एअर एक्स नायट्रॉक्स’ या उपकरणाच्या सुरुवातीच्या प्रतींत असा दोष होता की, पाणबुड्या वर येऊन साधी हवा घेऊ लागला तरी गणित नायट्रॉक्सचेच चालू राही. त्यामुळे शरीरातील नायट्रोजन प्रत्यक्षापेक्षा लवकर निघून गेला, असे उपकरण समजे आणि पुढच्या बुडीला जास्त वेळ देई. २००३ मध्ये अमेरिकेत ही उपकरणे परत मागवण्यात आली. दाबाची नोंद आणि गणित दोन्ही उघड असतील, तर असा दोष बाहेरच्या अभ्यासकालाही पकडता येतो.

२४/
या नोंदी आजाराच्या संशोधनालाही लागतात. ‘डायव्हर्स अलर्ट नेटवर्क’ या संस्थेने १९९० च्या दशकात स्वयंसेवी पाणबुड्यांच्या बुड्यांचे आलेख मोठ्या प्रमाणावर गोळा करायला सुरुवात केली. हॉल्डेन यांच्याकडे शेळ्या होत्या. आता प्रत्यक्ष माणसांच्या, सुखरूप पार पडलेल्या आणि न पडलेल्याही बुड्या अभ्यासता येऊ लागल्या. त्यासाठी वेगवेगळ्या उपकरणांतील नोंदी एका समान मांडणीत आणणे ही पहिली अट होती. अपघातानंतर डॉक्टरांना आणि तपास करणाऱ्यांनाही हाच आलेख पाहावा लागतो : पाणबुड्या किती वेगाने वर आला, कोठे थांबला, कोठे थांबला नाही.

२५/
मराठी मुलखाशीही या साधनांचा संबंध आहे. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत १९८१ पासून डॉ. एस. आर. राव यांच्या पुढाकाराने सागरी पुरातत्त्वाचे काम उभे राहिले. द्वारकेच्या समुद्रातील अवशेष, गोव्याजवळची बुडालेली जहाजे, विजयदुर्गाजवळची पाण्याखालील भिंत यांचा अभ्यास या संस्थेच्या पाणबुड्यांनी केला. सिंधुदुर्ग जिल्ह्यात तारकर्ली येथे पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे आणि मालवणच्या समुद्रात दरवर्षी असंख्य पर्यटक पाण्याखाली जातात. पाण्याखालच्या पुरातत्त्वात बुडीची खोली आणि वेळ हा उत्खननाच्या नोंदवहीचाच भाग असतो.

२६/
शेवटी, स्मृतीच्या रचनेविषयी एक बाब. डाइव्ह कॉम्प्युटरची स्मृती वर्तुळाकार असते. जागा संपली की नवी बुडी सर्वांत जुन्या बुडीवर लिहिली जाते. उपकरण त्यासाठी परवानगी विचारत नाही आणि जुनी नोंद परत मिळत नाही. पेशवे दफ्तरातील मोडी कागद वाचकाची वाट पाहत दोनशे वर्षे थांबू शकतो. मनगटावरील ही बखर मर्यादित बुड्यांपुरतीच थांबते. त्याआधी कोणीतरी केबल जोडावी लागते, आज्ञा पाठवावी लागते आणि तपासणी-अंक जुळवावा लागतो. ‘सबसरफेस’ आणि ‘लिबडाइव्हकॉम्प्युटर’ यांचा सगळा संकेत खुला आहे. यवतमाळच्या एखाद्या विद्यार्थ्याला समुद्र न पाहताही तो आज उघडून वाचता येतो. आणि ज्या उपकरणाची लिपी अजून उलगडलेली नाही, तिचे वाचनही करून पाहता येते.

(धागा समाप्त)